सिव्हिल की मनोरुग्णालय: आठवड्याचे दोन-तीन तास कुठे द्यायचे?

मी दोन्हीकडे स्वयंसेवक म्हणून काम केलंय. आधी दोन वर्षं एका सिव्हिलमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात, आता तीन वर्षं मनोरुग्णालयात. ‘कुठे जाऊ?’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, किती महिने येणार?

चार-सहा महिनेच हाताशी असतील तर सरळ सिव्हिल गाठा, किंवा ससून-केईएमसारखं मोठं रुग्णालय. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटलं की काम मिळतं. ते काम पायांचं आणि कागदांचं. सकाळी केसपेपरच्या खिडकीशी रात्रीच्या एसटीने आलेलं जोडपं उभं असतं, काखेत एक्स-रेची पिशवी, आणि बारा नंबरची खोली कुठे हे विचारायचीही भीड. त्यांना ओपीडीपर्यंत न्यायचं, मोफत उपचारांच्या सरकारी महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड, आधारकार्डाच्या झेरॉक्स काढून तिचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्रासमोर बसवायचं, नातेवाईक औषधाला गेला की खाटेशी थांबायचं. दुपारपर्यंत पंधरा-वीस जण मार्गी लागतात. पुढच्या आठवड्यात त्यांतला एकही चेहरा दिसत नाही. तुमचा खाडा झालाच तर रांगेतलं दुसरं कोणीतरी त्यांना वाट दाखवतं. टीबी वॉर्डाकडे जाणार असाल तर मास्क लावा. वॉर्डातल्या मावशी पहिले पंधरा दिवस तुम्हाला हिशेबात धरणार नाहीत, तेवढं सोसा.

मनोरुग्णालय मुळात सगळ्यांच्या आवाक्यात नाही. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था. आत जायला परवानगी लागते, आणि एखाद्या संस्थेमार्फत गेलं तर ती सोपी होते. रुग्णाची माहिती गोपनीय राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिलेला हक्क आहे, तेव्हा सेल्फी विसरा आणि घरी जाऊन नावानिशी गोष्टीही सांगू नका.

‘मारतील का हो?’ हे सगळे विचारतात. तीन वर्षांत मला एकदा शिव्या बसल्या. सिव्हिलच्या कॅज्युअल्टीत चिडलेले नातेवाईक बघून मी जास्त घाबरले होते.

खरी कसोटी वेगळीच. ‘ताई, घरी एक फोन लावा ना,’ असं कोणीतरी हमखास म्हणतं. केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कोणाला तिथे ठेवता येत नाही, असं हाच कायदा सांगतो. पण जायचं कुठे, हे उरतंच. अशा वेळी फोन लावायचा नाही, ‘बघते हं’ही म्हणायचं नाही. निरोप समाजसेवा अधीक्षकांकडे पोचवायचा आणि पोचवला म्हणून परत येऊन सांगायचं. ज्यांना ‘बघते’ म्हटल्याशिवाय राहवत नाही, अशा मायाळू माणसांनी सिव्हिलच धरावं, असं माझं मत.

आणि वर्षभर ठरलेला वार पाळता येणार नसेल तर इकडे येऊच नका. मी गुरुवारी व्यवसायोपचार विभागात कागदी पाकिटं चिकटवायला बसते. भाचीच्या लग्नात दोन गुरुवार बुडवले, कोणाला न सांगता. परतले तर शेजारी बसणाऱ्या आजींनी घडी घालून ठेवलेल्या, न चिकटवलेल्या पाकिटांचे दोन गठ्ठे माझ्यापुढे सरकवले. म्हणाल्या, ‘हा मागचा गुरुवार, हा त्याच्या मागचा.’