रिलॅप्स आधी ओळखायला 'अवेअर' प्रश्नावली कितपत कामाची?

दारू सुटली की घरच्यांचं सगळं लक्ष बाटलीवर असतं. पण रिलॅप्सची, म्हणजे पुन्हा पिण्याकडे घसरण्याची, सुरुवात बहुतेकदा बाटली हातात येण्याआधीच झालेली असते. झोप बिघडते, जेवणाचं तंत्र सुटतं, माणूस उगाच खेकसतो, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमससारख्या (एए) मदतगटाच्या मीटिंगला दांड्या मारतो. या खुणा वेळेत टिपायला 'अवेअर' प्रश्नावली चांगली आहे, फक्त ती नीट भरता यायला हवी. व्यसनमुक्ती क्षेत्रातले तज्ज्ञ टेरेन्स गोर्स्की यांनी सांगितलेल्या धोक्याच्या खुणांवर ती बेतलेली आहे. संशोधक विल्यम मिलर आणि हॅरिस यांनी २००० साली तिचं २८ विधानांचं रूप प्रसिद्ध केलं.

प्रत्येक विधानाला १ (कधीच नाही) ते ७ (नेहमीच) गुण द्यायचे. बेरीज २८ ते १९६ मध्ये येते आणि ती जितकी जास्त तितका धोका मोठा.

घोळ होतो तो बेरजेत. ८, १४, २०, २४ आणि २६ ही विधानं उलटी आहेत, म्हणजे 'खाणंपिणं व्यवस्थित आहे' किंवा 'सोबर राहण्यासाठी मी प्रयत्न करतोय' अशी. त्यांचे गुण ८ मधून वजा करून धरायचे. ६ दिले असतील तर २ मोजायचे. हे राहून गेलं तर ज्याचं उत्तम चाललंय त्याच्या बेरजेत फुकटचे ३० गुण चढू शकतात. ज्याचं खरंच बिनसलंय त्याचे तेवढेच गायब होतात, आणि ते जास्त महागात पडतं.

एकदाच भरलेल्या कागदावरून फारसं कळत नाही. दर आठवड्याला ठरलेल्या वारी भरा आणि मागचे कागद शेजारी ठेवून बघा. बेरीज जागच्या जागी असतानाही १६ (झोप), ४ (एकटं राहणं) आणि २३ (खोटं बोलणं) एकदम वर सरकले तर त्याच दिवशी समुपदेशकाला किंवा स्पॉन्सरला (मदतगटातल्या आधार देणाऱ्या जुन्या सदस्याला) फोन करावा. पिणं सुरू नसताना थापा वाढणं आम्हाला सगळ्यांत वाईट लक्षण वाटतं. मात्र दारू सोडल्यावर पहिले काही आठवडे झोप तशीही उडालेली असते, तेव्हा एकट्या झोपेवरून घाबरू नये.

उणिवाही आहेत. विधानं दारूपुरती लिहिलेली आहेत, इतर नशांसाठी शब्द बदलावे लागतात. औषधं चुकवणं, जुन्या मित्रांचे फोन पुन्हा सुरू होणं, हातात अचानक पैसा येणं यांबद्दल स्वतंत्र विधान नाही. ते खाली हाताने लिहून घ्यावं. आणि बायकोने किंवा आईने समोर बसून भरून घेतली की सगळीकडे १ पडतो, हे ठरलेलंच. माणसाने ती एकट्याने भरावी. घरच्यांनी वेगळी प्रत भरून समुपदेशकाकडे द्यावी.

शेवटच्या, २८व्या विधानात पिणं हाताबाहेर गेल्याचं विचारलंय. तिथे १ सोडून काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा. अफूजन्य (हेरॉइनसारख्या) नशेत तर खंडानंतर शरीराची तो डोस झेपण्याची ताकद उतरलेली असते, त्यामुळे पूर्वीचाच डोस जिवावर बेततो.