उपमा कशी शिकवावी : आधी व्याख्या, आधी वाक्यं की आधी लेखन?

सहावी ते आठवीच्या वर्गाला उपमा अलंकार शिकवायच्या तीन पद्धती सहसा दिसतात. पहिलीत फळ्यावर व्याख्या येते, मग उदाहरणं, मग स्वाध्याय. दुसरीत मुलांपुढे वाक्यांचा ढीग टाकायचा आणि त्यातून उपमा वेचायला सांगायच्या. व्याख्या मागाहून, शक्यतो मुलांच्याच तोंडून. तिसरीत अलंकाराचं नावही न काढता मुलं आधी लिहितात आणि लिहून झाल्यावर ‘तुम्ही हे जे केलंत त्याला उपमा म्हणतात’ असं त्यांना कळतं.

तिन्ही चालतात, पण हाती येतं ते वेगवेगळं. उपमा ओळखणं आणि उपमा वापरणं ही दोन कामं आहेत, आणि एक आलं की दुसरं आपोआप येतं असं मुळीच नाही. उपमेय (जिची तुलना करायची ती गोष्ट) आणि उपमान (जिच्याशी तुलना करायची ती) बिनचूक लिहून पैकीच्या पैकी गुण घेणारी मुलगी निबंधात ‘चंद्रासारखा चेहरा’च्या पुढे जात नाही. उलट ‘तू काय सारखा टाचणीसारखा टोचत असतोस’ असं भांडणात सहज बोलून जाणाऱ्या मुलाला आपण अलंकार वापरला याचा पत्ता नसतो. तेव्हा पद्धत निवडण्याआधी या तासिकांतून नेमकं काय हवं आहे ते ठरवलेलं बरं.

व्याख्येपासून

हिचा मोठा गुण म्हणजे वेळ. एका तासिकेत उपमेची चारही अंगं सांगून होतात. ‘तिचे हात कापसासारखे मऊ आहेत’ या वाक्यात हात हे उपमेय, कापूस हे उपमान, ‘सारखे’ हा साधर्म्यवाचक, म्हणजे सारखेपणा दाखवणारा शब्द आणि मऊपणा हा समान धर्म. प्रश्नपत्रिका याच शब्दांत विचारते, त्यामुळे हे शब्द कधी ना कधी द्यावेच लागतात. परीक्षा आठवड्यावर आली असेल तर फार विचार न करता हीच पद्धत घ्यावी.

अडचण अशी की चार अंगांपैकी मुलं एकच पकडतात, आणि तेही सगळ्यात सोपं. ‘सारखा’ दिसला की उपमा. वर दिलेलं टाचणीचं वाक्यच पाहा. त्यात ‘सारखा’ दोनदा आहे, उपमा मात्र एकाच ठिकाणी. मराठीत हा सापळा फार मोठा आहे. खालची वाक्यं वर्गात देऊन पाहावीत:

बाळ सारखं रडतंय.
ताईने सांगितल्याप्रमाणे मी वही आणली.
ते पाहण्यासारखं ठिकाण आहे.
मांजरासारखे पाळीव प्राणी घरभर वावरतात.
जसा पाऊस थांबला तसे आम्ही निघालो.
दोघींची अक्षरं सारखीच आहेत.

यातल्या एकाही वाक्यात उपमा नाही. व्याख्या पाठ असलेली मुलं निम्म्याहून अधिक वाक्यांवर बिनदिक्कत बरोबरची खूण करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपण त्यांना दिलेली खूण तीच होती. कवितेत गेलं की गोंधळ आणखी वाढतो. परी, सम, गत, वाणी हे सगळे साधर्म्यवाचक शब्द खरे, पण जुन्या कवितेत ‘परी’ म्हणजे ‘परंतु’ही असतो आणि ‘वाणी’ म्हणजे बोलणंही.

वाक्यं वेचण्यापासून

ओळखायला शिकवायचं असेल तर माझं मत याच पद्धतीला. फक्त वाक्यं निवडताना एक पथ्य पाळावं लागतं. खोटी उदाहरणं निदान निम्मी हवीत. दहातली आठ वाक्यं उपमेची असली तर मुलं डोळे मिटून सगळ्यांना ‘उपमा’ म्हणतात आणि आठ गुण घेऊन मोकळी होतात.

वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहून गटागटात वाटावीत आणि तीन ढीग करायला सांगावेत. उपमा आहे, उपमा नाही, आणि शंका आहे. खरा धडा तिसऱ्या ढिगात असतो. ‘ती तिच्या आईसारखी दिसते’ हे वाक्य हटकून तिथे येतं. दोन गोष्टी आहेत, साधर्म्यवाचक शब्द आहे, साम्यही आहे. मग अडतं कुठे? जुन्या अलंकारशास्त्रातही हा प्रश्न होता, आणि त्यावरचं उदाहरण सातवीच्या वर्गालाही कळतं. गवय नावाचा रानटी प्राणी गाईसारखा दिसतो. साम्य खरं आहे, पण त्यात चमत्कृती, म्हणजे ऐकणाऱ्याला सुखद धक्का देणारं काही नाही. ती नुसती माहिती झाली, म्हणून अलंकार नाही. मुलगी आईसारखी दिसते हेही तसंच. ‘ती सावलीसारखी आईच्या मागे असते’ म्हटलं की मात्र मुलगी आणि सावली या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एकत्र आल्या, आणि वाक्य जागं झालं.

अकराव्या शतकात मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने उपमेची व्याख्या तीन शब्दांत केली आहे : ‘साधर्म्यमुपमा भेदे’. भेद असताना जे साधर्म्य, ती उपमा. हा ‘भेदे’ शब्द मुलांना समजावायला ‘आईसारखी आईच’ हे वाक्य पुरतं. इथे दुसरी गोष्टच नाही, म्हणून ही उपमा नव्हे; शाळेच्या व्याकरणात त्याला अनन्वय म्हणतात. तेवढं नाव सांगून पुढे जावं, त्यात अडकू नये.

ढिगांपाशी वाद सुरू झाला की शिक्षकाने एकच प्रश्न लावून धरायचा : ‘कशात सारखं?’ बाळ सारखं रडतंय. कशात सारखं? उत्तरच नाही. नेहमीप्रमाणे गाडी उशिरा आली. कशात सारखी? येणं तेच, उशीर तोच; तुलनेला दुसरी वस्तू कुठे आहे? बातमी वाऱ्यासारखी पसरली. कशात? वेगात. समान धर्म सापडला. चार अंगांपैकी हे चौथं अंग वाक्यात नेहमी लिहिलेलं नसतं, म्हणूनच ते शोधायला लावावं लागतं. माझ्या मते उपमा शिकवणं म्हणजे मुख्यतः हा प्रश्न विचारायची सवय लावणं. साधर्म्यवाचक शब्दांची यादी नंतर चिकटते.

मराठीत एक सोयही आहे, ती फारशी वापरली जात नाही. ‘हरणासारखी धावली ती मुलगी’ या उलट्या क्रमाच्या वाक्यात उपमेय कुठलं, उपमान कुठलं, असा मुलांचा घोळ होतो. तिथे ‘सारखी’ नीट पाहायला सांगावं. हा शब्द ज्याला चिकटून येतो ते उपमान, आणि त्याचं शेपूट ज्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं ते उपमेय. हरिण नपुंसकलिंगी, तरी शब्द ‘सारखी’ झाला, कारण धावली मुलगी. ‘प्रमाणे’, ‘परी’, ‘सम’ बदलत नाहीत, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही; पण ‘सारखा’ असलेल्या वाक्यांत ती बहुतेक वेळा उपयोगी पडते. मराठी ज्यांची घरची भाषा नाही अशा मुलांना याचा दुहेरी उपयोग होतो, ओळखायलाही आणि लिहिताना शेपूट चुकू नये म्हणूनही.

या पद्धतीचे तोटे उघड आहेत. वर्गात गलका होतो. गटातला एक हुशार मुलगा सगळ्या पट्ट्या ओढून घेतो आणि बाकीचे बघत बसतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाने आधी एकट्याने वहीत उत्तर लिहायचं, मग गटात बसायचं. शिवाय एक तासिका कमी पडते.

लेखनापासून

वापरायला शिकवायचं असेल तर वरच्या दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात. इथेही दोन प्रकार आहेत, आणि त्यांत फरक पुष्कळ आहे.

पहिला प्रकार : ‘पावसावर दहा ओळी लिहा, त्यात तीन उपमा हव्यात.’ याने उपमा येतात, पण वरून चिकटवलेल्या. ज्या वाक्याला गरज नाही तिथेही कमळ, चंद्र आणि हरिण येऊन बसतात. दुसरा प्रकार : मुलाने आधीच लिहिलेल्या परिच्छेदातलं एकच लंगडं वाक्य घ्यायचं आणि तेवढं सुधारायचं. वेळ दोन्हींना सारखाच लागतो. मी दुसराच घेईन.

समजा वाक्य आहे, ‘पाऊस खूप जोरात पडत होता.’ उपमा घाल म्हटल्यावर पहिलं उत्तर येतं, ‘पाऊस धबधब्यासारखा पडत होता.’ चूक काहीच नाही, पण हे पाठांतरातून आलेलं आहे. इथे पुन्हा तोच प्रश्न : कशात सारखा? पाणी वरून खाली येतं म्हणून? वेगात? की आवाजात? मूल जरा थांबतं आणि म्हणतं, आवाज होत होता, पत्र्यावर. कसा आवाज? खडे ओतल्यासारखा. मग वाक्य होतं, ‘पत्र्यावर पाऊस ओतलेल्या खड्यांसारखा वाजत होता.’ ‘खूप’ गेलं, ‘जोरात’ गेलं, क्रियापदही बदललं. चांगली उपमा वाक्यात आली की आजूबाजूचे दोन-तीन शब्द रिकामे होऊन गळतात, हे मुलांना दाखवून द्यावं. उपमा घालूनही ‘खूप’ तसंच राहिलं असेल तर उपमेने काम केलेलं नाही.

आठवीच्या वर्गात आणखी एक पायरी चढता येते. ‘आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या चुरगळलेल्या कागदासारख्या होत्या’ आणि ‘आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या नांगरलेल्या शेतासारख्या होत्या’. समान धर्म दोन्हीकडे तोच, रेषांचं जाळं. पण कागद चुरगळला की टाकून देतात, आणि शेत नांगरलं की त्यात काही उगवायचं असतं. उपमान आपल्यासोबत न मागितलेलं बरंच काही घेऊन येतं. कुठली उपमा चांगली, असं विचारू नये. कुठली आजी कुठल्या गोष्टीत शोभेल, असं विचारावं.

जुन्या ठेवणीतल्या उपमांचं काय करायचं, हाही प्रश्न येतो. कमलनयन, चंद्रमुखी, गजगामिनी हे शब्द ओळखण्याच्या सरावाला उत्तम, कारण त्यांत साधर्म्यवाचक शब्द गळालेला असतो आणि उपमा उलगडून दाखवावी लागते. (हत्तीसारखं चालणं ही स्तुती आहे यावर वर्ग विश्वास ठेवत नाही. त्या डुलत्या, सावकाश चालीची चित्रफीत दाखवली की ठेवतो.) वापरायला मात्र त्या देऊ नयेत.

लेखनाच्या पद्धतीचा तोटा हा की तिची तपासणी जड जाते आणि अबोल मुलं मागे राहतात. त्यांच्यासाठी रिकाम्या जागा हा मधला मार्ग आहे, पण जागा कुठली रिकामी ठेवली यावर सगळं अवलंबून. ‘तिचा आवाज ____सारखा गोड होता’ असं दिलं की अख्खा वर्ग एकच शब्द भरतो. ‘त्याचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा ____ होता’ यात समान धर्म शोधावा लागतो. ‘____ गंजलेल्या बिजागरीसारखा कुरकुरत होता’ इथे तर उपमेयच मोकळं सोडलं आहे. मग कोणी म्हातारा जिना लिहितो, कोणी स्वतःचा गुडघा, कोणी शेजारच्या बाकावरचा मित्र. स्वाध्यायपत्रिकांत पहिला नमुनाच जास्त असतो. तयार पत्रिका घेतलीत तर निदान निम्म्या जागा बदलून घ्या.

सोबत रूपक-उत्प्रेक्षा घ्यावी का?

थोडक्यात, सहावीत नको. ‘हात कापसासारखा’ उपमा, ‘हात जणू कापूसच’ उत्प्रेक्षा, ‘हात म्हणजे कापूसच’ रूपक, आणि ‘हात कापसाहून मऊ’ म्हटलं तर व्यतिरेक. एकच वाक्य चार तऱ्हांनी फिरवण्याचा हा खेळ छान आहे, पण तो उपमा पक्की बसल्यावर. चारही एका तासिकेत घेतले की मुलं ‘जणू’ आणि ‘सारखा’ या शब्दांवरच अलंकार ठरवू लागतात, म्हणजे पुन्हा खूणशोध सुरू.

तासिकांचा हिशोब

तीन तासिका हाताशी असतील तर पहिली पट्ट्यांना द्यावी. दुसरीच्या सुरुवातीला दहा मिनिटांत चार अंगांची नावं सांगावीत. मुलांनी गोष्ट आधी पाहिलेली असल्याने नावं पटकन बसतात. उरलेल्या वेळात कवितेच्या ओळी घ्याव्यात. तिसरी पूर्णपणे एका वाक्याच्या दुरुस्तीला. दोनच असतील तर कविता गाळावी, दुरुस्ती गाळू नये. एकच असेल आणि परीक्षा लांब असेल, तर पट्ट्या कमी करून अर्धा वेळ त्यांना आणि अर्धा रिकाम्या जागांना; व्याख्या पाठ्यपुस्तकात आहेच.

वह्या तपासताना एखादी विचित्र उपमा आली, उदाहरणार्थ ‘सुट्टी साबणासारखी होती’, तर लाल रेघ मारण्याआधी समासात ‘कशात?’ एवढंच लिहून वही परत करावी. ‘हातात घेतली तोच निसटली’ असं उत्तर आलं तर पूर्ण गुण. ‘माहीत नाही, सुचलं’ असं आलं तर वाक्य पुन्हा लिहायला सांगावं.