आरए (रुमॅटॉइड आर्थरायटिस, सांधे सुजवणारा संधिवात) असलेल्या आईच्या मणक्यांसाठी काय घ्यायचं: आठवड्याची गोळी, वर्षाचं सलाइन की इंजेक्शन?

आईला आरए आहे, वय साठीच्या पुढे, प्रेडनिसोलोन (हाडं झिजवणारं स्टिरॉइड) चालू आहे आणि डॉक्टर म्हणतायत हाडांसाठी काहीतरी सुरू करूया, अशा घरांसाठी हे लिहितेय. औषध ठरवायच्या आधी मणक्याचा बाजूने एक्सरे काढून घ्याच. मणक्याच्या तीनातल्या दोन फ्रॅक्चरचा पत्ताच लागत नाही, त्यासाठी पडावंही लागत नाही, वाकून बादली उचलली तरी मणका दबतो आणि बाई म्हणते माझी पाठ तर कायमचीच दुखते. नुसत्या डेक्सावर (हाडांची घनता मोजणाऱ्या स्कॅनवर) राहू नका, स्टिरॉइड घेणाऱ्यांचा मणका आकडा बरा असतानाही दबतो.

आता गोळी, म्हणजे अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिग्रॅ, आठवड्यातून एकदा. सगळ्यात स्वस्त आणि वर्षानुवर्षं वापरातली. पण सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्यासोबत घ्यायची, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, आणि आरएवाल्यांचं सकाळीच तर सगळं अंग आखडलेलं असतं, स्ट्रिप फोडायलाही बोटं वळत नाहीत, पेनकिलरने पोट आधीच बिघडलेलं. छातीत जळजळ सुरू झाली की गोळी गुपचूप बंद होते, घरात कुणाला कळतही नाही.

झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिग्रॅ वर्षातून एकदा सलाइनमधून देतात, पोटाचा प्रश्नच मिटतो. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते, सांधेही ठणकतात, आरए उसळला असं वाटून घाबरू नका, पॅरासिटामॉल चालतं का ते आधीच विचारून ठेवा. किडनीचा क्लिअरन्स (किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा आकडा) ३५ च्या खाली असेल तर हे देत नाहीत, आणि व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आधी तपासून भरून काढावं लागतं.

डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी त्वचेखाली. किडनी कमजोर असली तरी देता येतं, मात्र तेव्हा कॅल्शियम घसरण्याची भीती जास्त, त्यामुळे रक्त तपासत राहावं लागतं. मणक्याला फायदा चांगला, पण तारीख टळली किंवा मनानेच बंद केलं तर हाड झपाट्याने झिजतं आणि एकापाठोपाठ अनेक मणके दबू शकतात. तारखा सांभाळणारं घरात कुणी नसेल तर मी तरी हे निवडणार नाही.

टेरिपॅराटाइड वेगळंच, बाकीची तिन्ही झीज थांबवतात, हे नवं हाड बनवतं. २००७ साली स्टिरॉइडवाल्या रुग्णांमध्ये अ‍ॅलेंड्रोनेटशी थेट तुलना झाली, १८ महिन्यांत मणक्याची नवी फ्रॅक्चर ०.६% विरुद्ध ६.१%, केवढा फरक! पण रोज टोचायचं, पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, खर्च बराच, साधारण २ वर्षांपर्यंतच देतात आणि नंतर लगेच वरच्यापैकी एखादं सुरू करावं लागतं नाहीतर कमावलेलं हाड निघून जातं. हाडांना रेडिएशन झालेलं असेल तर नको.

माझं मत, एक्सरेत मणका आधीच दबलेला दिसला आणि स्टिरॉइड चालूच राहणार असेल तर टेरिपॅराटाइडबद्दल आधी विचारा. मणके शाबूत असतील, किडनी ठीक असेल तर वर्षाचं सलाइन, कारण विसरण्यासारखं त्यात फार काही नाही. गोळी तेव्हाच, जेव्हा पोट खणखणीत आहे आणि सकाळी जवळ बसणारं कुणी आहे.

आणि काहीही निवडलं तरी स्टिरॉइडचा डोस आणखी खाली येईल का हे आरएच्या डॉक्टरांना विचाराच (आपल्या मनाने अचानक बंद अजिबात नको). दात काढायचा राहिला असेल तर गोळी, सलाइन किंवा डेनोसुमॅब सुरू व्हायच्या आत काढून घ्या, जखम पूर्ण भरू द्या, नंतर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो, कमी असला तरी असतो.