निपाणीत बिऱ्हाड हलवल्यावर: पावसाळा ते तंबाखूचा हंगाम, सगळं बघून झाल्यावरचा अनुभव

कर्नाटकात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेली निपाणी राहायला चांगलं गाव आहे, हे मी आता ठामपणे सांगू शकते. जूनमध्ये पुण्याचं भाड्याचं घर सोडून आम्ही चौघं इथं आलो: मी, नवरा, सासूबाई आणि सहावीतली मुलगी. पावसाळा, दिवाळी, ऊसतोड आणि तंबाखूचा हंगाम असं सगळं बघितलं, म्हणून आता लिहिते आहे. सीमाभागात यायचा विचार करणारे ओळखीचे लोक फोन करून पहिला प्रश्न विचारतात, "मराठी चालतं का तिथं?" चालतं. बाजारात, दवाखान्यात, शेजारात सगळीकडे मराठीच आहे. माणूस अडतो तो कागदपत्रांत आणि घर कुठल्या गल्लीत घेतलं यात. ही दोन कामं आधी नीट केली तर बाकीचं गाव सांभाळून घेतं.

आधी गल्लीचं सांगते. निपाणी ही बिडीच्या तंबाखूची पेठ. भोवतालच्या शिवारात पावसाळ्यात रोपं लावतात, जानेवारी-फेब्रुवारीत कापणी होते, पाला शेतातच उन्हात वाळतो आणि मग पोती भरून गावातल्या वखारींत येतो. वखारीत बायका तो चाळतात, निवडतात. त्या दिवसांत जुन्या पेठेच्या काही गल्ल्यांत हवेत बारीक भुकटी असते. पिढ्यान् पिढ्या तिथंच राहिलेल्यांना ती जाणवतही नाही, पण आमच्या सासूबाईंना दमा आहे. म्हणून आम्ही मुरगूड रोडच्या बाजूला, वखारींपासून लांब घर बघितलं आणि तो निर्णय सगळ्यात मोलाचा ठरला. घर बघायला शक्यतो एप्रिल-मेमध्ये या. पावसाळ्यात धूळ बसलेली असते, वास दबलेला असतो आणि कुठलीही गल्ली छान वाटते. जवळ वखार आहे का, हे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारा, लगेच खरं कळेल.

या व्यवसायाबद्दल मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण इथं राहून तो टाळता येत नाही. आमच्या पलीकडच्या घरातल्या मावशी बिड्या वळतात. मांडीवर सूप, भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापावर पान कापायची कात्री. आमच्याशी बोलता बोलता हात चालूच. पान घेतलं, तंबाखू भरला, वळला, दोरा बांधला. दिवसभर बसून पाठ धरते, खोकला उठतो, आणि मजुरी बिड्या मोजून मिळते. "दुसरं काय करणार वो ताई, हातातलं काम हाय," असं त्या म्हणतात. गावात पैसा खेळतो त्यात या बायकांचा घाम आहे, हे इथं येणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

शेतकऱ्यांचंही तसंच. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणाऱ्यांनी भावासाठी इथला पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला होता. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी मारले गेले. आमचे घरमालक अण्णा तेव्हा तरुण होते. दर पडल्याची बातमी आली की अजून त्यांच्या तोंडी तेच आंदोलन येतं.

आता कागद. भाडेकरार पक्का, रीतसर मुद्रांकावर करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. आधारचा पत्ता बदलला की मग मतदार यादीसाठी आठ नंबरचा फॉर्म, गॅस, बँक असं एकेक सुटत जातं. वीज हेस्कॉमची, म्हणजे कर्नाटकच्या या भागातल्या वीज कंपनीची. बिलावर ग्राहक क्रमांकाच्या जागी 'आरआर नंबर' असतो, तो पाठ करून ठेवा. २०० युनिटपर्यंतच्या मोफत घरगुती विजेची गृहज्योती योजना भाडेकरूलाही मिळते, पण त्या मीटरला आधीच्या भाडेकरूचं आधार जोडलेलं असेल तर ते काढून घ्यावं लागतं. किल्ली घ्यायच्या आधीच घरमालकाला हे करायला सांगा.

गाडीचं काम सगळ्यात वेळखाऊ. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, हा मोटार वाहन कायद्याचाच नियम आहे. जुन्या आरटीओतून ना-हरकत आणायची, चिकोडीला केए-२३ चा नंबर घ्यायचा, गाडीच्या वयाप्रमाणे कर्नाटकचा कर भरायचा आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागायचा. एका एजंटानं आम्हाला "काही गरज नाही, चालतंय तसंच" असं सांगितलं होतं. त्याचं ऐकू नका, इथं राहायला येण्याआधीच ना-हरकतीचा अर्ज टाका.

सरकारी कचेरीत अर्ज, पावत्या, नोटिसा कन्नडमध्ये असतात. दुकानांच्या पाट्यांवरही आता कायद्यानं ६० टक्के कन्नड लागतं. मी लिपी शिकले, मुलीच्या बरोबरीनं. ती मराठी माध्यमाच्या शाळेत जाते. २०१५ च्या कायद्याप्रमाणे तिथंही कन्नड शिकवतात, त्यामुळे तिला वर्गातल्या मुलांना गाठायला सुरुवातीचे महिने शिकवणी लावावी लागली. आता ती बसची पाटी वाचते आणि आजीला मोठ्यानं सांगते. मराठी माणसानं कन्नड शिकणं म्हणजे सीमाप्रश्नावर माघार, असं मला अजिबात वाटत नाही. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालातसुद्धा निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस होती. तो अहवालच महाराष्ट्राला मान्य झाला नाही, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इथल्या मराठी माणसाच्या मनातली ती ठसठस मी रोज ऐकते आणि ती माझीही झाली आहे. पण निकाल लागेपर्यंत आपली नोटीस आपल्याला वाचता आलीच पाहिजे.

याचा व्यवहारातला भाग असा: १ नोव्हेंबरच्या (कर्नाटकचा राज्योत्सव, सीमाभागातल्या मराठी माणसाचा काळा दिवस) आसपास आणि बेळगावात कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन असताना कोल्हापूरकडच्या प्रवासाची दोन दिवस आधी चौकशी करा. वातावरण तापलं की राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीजवळ दूधगंगेच्या पुलावर बंदोबस्त लागतो आणि दोन्हीकडच्या बस थांबतात. एरवी कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. रेल्वे गावात नाही. मोठा दवाखाना, मोठी खरेदी, पाहुणेरावळे सगळं कोल्हापूरलाच. तिकिटाचं मात्र समजून घ्या: कर्नाटकातला पत्ता ओळखपत्रावर असला की बायकांना कर्नाटकच्या साध्या बसमध्ये राज्यापुरता प्रवास मोफत. महाराष्ट्राच्या लालपरीत निम्मं तिकीट, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच. निपाणीला खेटून असलेलं अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथलं देवचंद कॉलेज शिवाजी विद्यापीठाचं. मुलं चालत राज्य ओलांडून कॉलेजला जातात.

बाजाराबद्दल किती लिहू! पुण्यात भाजी म्हणजे पिशवीत येणारी वस्तू झाली होती. इथं आठवडी बाजारात जवारी (म्हणजे गावरान) वांगी, जवारी कोथिंबीर, हिवाळ्यात हरभऱ्याचे डहाळे, ओल्या शेंगा, अकोळ-भोज भागातल्या बायका स्वतः पिकवलेलं घेऊन बसतात. दोनदा घेतलं की तिसऱ्यांदा "सासूबाईंचा खोकला कसा हाय?" असं विचारतात. जोंधळा घेताना सासूबाई दाणा दाताखाली धरून बघतात आणि विकणाऱ्या मामांना त्याचं कौतुक वाटतं. एकच सूचना, दुपारी जा. संध्याकाळी महामार्गाकडून येणारी वाहनं आणि बाजाराची गर्दी एकत्र झाली की म्हाताऱ्या माणसाला चालवत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या असतात, तेव्हा दुचाकीवर फार जपून.

ऑक्टोबरात शेजारच्या वैनी आम्हाला कुर्ली-आप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाच्या यात्रेला घेऊन गेल्या. ढोल, भंडारा आणि भाकणूक, म्हणजे देवाच्या नावानं सांगितलं जाणारं भविष्य, ऐकायला बसलेली दोन्ही राज्यांतली माणसं. सासूबाई त्या दिवसापासून पुण्याला परत जायचं म्हणत नाहीत.

पाण्यासाठी घराला तळटाकी आहे का ते बघाच. जवाहर तलाव भरला की पावसाळाभर चिंता नसते, उन्हाळ्यात मात्र साठवण लागते. इंटरनेट नवऱ्याच्या कामाला पुरेसं आहे. वीज जाते, मोठा इन्व्हर्टर घ्या. तब्येतीचा गंभीर प्रश्न असलेल्यांनी, वरचेवर तज्ज्ञ डॉक्टर लागणाऱ्यांनी कोल्हापूरचं अंतर आधी मोजावं.

आम्ही करार वाढवला आहे आणि आता जागा बघतो आहोत. ज्यांना तेच करायचं आहे त्यांच्यासाठी: गावातल्या जागेचं ई-खाता, म्हणजे मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, असल्याशिवाय खरेदी नोंदवली जात नाही, त्यामुळे इसार देण्याआधी ते बघा. शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रासारखा शेतकरी असल्याचा दाखला २०२० पासून कर्नाटकात लागत नाही. इथं सातबाऱ्याऐवजी पहाणी असते, तीही कन्नडमध्ये. ती वाचून दाखवणारा माणूस विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा, तुमच्या ओळखीचा असावा.