होडीला स्टीलचा पंखा (प्रोपेलर) की अॅल्युमिनियमचा? देवबागच्या संगमावरचा आठ महिन्यांचा अनुभव

आमची होडी चोवीस फुटी, फायबरची. मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. मालवणजवळच्या देवबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. बाहेर पडायचं तर संगमावरून, आणि तिथला वाळूचा पट्टा दर पावसाळ्यात जागा बदलतो. ओहोटीला पंखा वाळू घुसळतच जातो. अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या कडा त्यात वर्षभरात कुरतडल्यासारख्या होतात, बोट फिरवलं तर करवतीसारख्या लागतात. कडा गेली की पाणी धरत नाही, इंजिन नुसतं ओरडतं.

म्हणून गेल्या नारळी पौर्णिमेनंतर स्टेनलेस स्टीलचा पंखा घेतला. अॅल्युमिनियमच्या साधारण चौपट पैसे पडले. पहिली चूक तिथेच झाली. जुन्याचाच पिच नव्याला घेतला, १३ इंच. पिच म्हणजे पाणी अजिबात निसटलं नाही तर पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल तेवढं अंतर. स्टीलची पाती पातळ असूनही जोरात वाकत नाहीत, सगळा भार इंजिनावर येतो. जाळी, बर्फ आणि चार माणसं घेऊन पूर्ण थ्रॉटलला आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, ४४०० च्या वर जाईना. आमच्या इंजिनाला ४५०० ते ५५०० हवेत. त्याखाली रोज ताणलं तर इंजिन आतून खराब होतं. मग १२ इंची बदलून आणला आणि आकडा ४६०० वर गेला. एक इंच पिच कमी केला की दीड-दोनशे आरपीएम वाढतात, हा हिशोब खरा निघाला. स्टील की अॅल्युमिनियम हे ठरवण्याआधी भरल्या होडीवर आरपीएम मोजा, हे मी कळकळीने सांगतो.

त्यानंतर मात्र पंख्याने मन जिंकलं. सुरमईच्या जाळ्यांना दूर जाताना लाटेवर चढतानाही पाणी सुटत नाही, वळणावर पकड टिकते. वाळूचं तर विचारू नका, आठ महिन्यांनी कडा जवळपास नव्यासारख्या आहेत.

खडकाची गोष्ट वेगळी. जानेवारीत मालवणजवळ शेवंडीची (लॉबस्टरची) जाळी उचलायला गेलो होतो. किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली खडक पसरलेत, ते ठाऊक असूनही उधाणाच्या ओहोटीत अंदाज चुकला. खट्ट आवाज आला, होडी थरथरली. पातं तुटलं नाही, टोकाला जरासं वळलं. पण थ्रॉटल दिला की इंजिन पळायचं आणि होडी हलायची नाही. पंखा आणि शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) यांच्यामधला रबरी बुश सरकला होता. त्यानेच गियर वाचवला. मंद गतीवर कसेबसे किनाऱ्याला लागलो. काका म्हणाले, "पंखो मोडलो तर परवाडला रे, गियर फुटलो तर काय करतलस?"

खरं आहे ते. अॅल्युमिनियमचं पातं आपटलं की स्वतः वाकतं किंवा तुटतं आणि धक्का तिथेच जिरतो. थोडं वाकलेलं पातं ठोकून सरळ करता येतं, निदान घरी येण्यापुरतं. स्टीलचं पातं मात्र धक्का आत पाठवतं. वळलेलं टोक सरळ करून तोल साधायला पंखा बाहेरगावी पाठवावा लागला, तीन आठवडे गेले. सुदैवाने जुना अॅल्युमिनियमचा ठेवला होता, त्यावर दिवस काढले.

आणखी एक. खाऱ्या पाण्यात स्टीलचा पंखा आणि इंजिनाचा अॅल्युमिनियमचा पाय (पाण्यात बुडणारा खालचा भाग) एकत्र आले की गंज पायाला खातो. त्याच्याऐवजी झिजायला झिंकचा तुकडा असतो. आमचा पूर्वीपेक्षा लवकर निम्मा झाला. त्यावर रंग कधीच लावू नका.

आणि पंखा कुठलाही असो, महिन्यातून एकदा काढून मागे बघाच. फेब्रुवारीत नट सोडला तर शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) इतका घट्ट गुंडाळला होता की सुरीने कापून काढावा लागला. तो सीलमध्ये शिरला की पाणी आत जातं आणि गियर ऑइल दुधाळ होतं. आमचं अजून स्वच्छ होतं. शाफ्टला ग्रीस लावून, नवी पिन घालून पंखा परत बसवला. पंधरा मिनिटांचं काम.

आता दोन्ही पंखे ठेवतो. संगमावरून खोल पाण्यात जायचं त्या दिवसांत स्टीलचा असतो. शेवंडीला खडकाळीत जायचं असलं की आदल्या संध्याकाळी अॅल्युमिनियमचा चढवतो, आणि नट-पिनांचा जादा जोड डब्यात टाकतो.