'बट' की 'ऑल्दो'?

विरोध दाखवणारी दोन इंग्रजी वाक्ये जोडताना 'बट' घ्यावे की 'ऑल्दो', असा प्रश्न अनेक विद्यार्थ्यांना पडतो. 'बट' सहसा दोन वाक्यांच्या मध्ये, स्वल्पविरामानंतर येते. 'ऑल्दो' आरंभीही चालते, जसे 'ऑल्दो इट रेन्ड, वी प्लेड'. खरा फरक वजनाचा आहे: 'बट' दोन्ही विधानांना समान पातळीवर ठेवते, तर 'ऑल्दो' पावसाचे विधान गौण करून खेळण्याला पुढे आणते. 'जरी–तरी'च्या सवयीने दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात, ते कटाक्षाने टाळावे. बोलण्यात 'बट' पुरेसे आहे. निबंधात एक मुद्दा मान्य करून दुसरा ठसवायचा असेल, तर 'ऑल्दो' निवडावे.