बाळंतिणीच्या मालिशची घरपोच सेवा : मावशी जरूर लावा, धुरी नको

लेकीच्या बाळंतपणाला नाशिकमधल्या एका घरपोच सेवेतून मालिशवाल्या मावशी लावल्या होत्या. मी स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्रातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, त्यामुळे माझा एक डोळा सतत त्यांच्या हातांवर होता.

हात सुरेख. कोमट तिळाच्या तेलाने लेकीची कंबर, पाठ, पोटऱ्या निवांत चोळायच्या. तिचं सिझर झालेलं, तर टाक्यांच्या आसपास त्यांनी बोटही लावलं नाही, पोट बांधायची घाईही केली नाही. पाय पसरून बाळाला पायांवर घेतलं की त्यांचं गुणगुणणं सुरू. न्हाऊन बाळ गाढ झोपायचं आणि तेवढ्यात लेकीलाही डोळा लागायचा.

धुरी मात्र मी पहिल्याच दिवशी थांबवली. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणाच्या साली आणि खिडक्या बंद! ओव्याचा वास मलाही आवडतो, पण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्या धुरात तान्ह्या जिवाने श्वास घ्यायचा. शेकायला गरम पाण्याची पिशवी आणली, मावशींनी ती आनंदाने वापरली. नाका-कानात तेल सोडणंही बंद केलं. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. गुटीत मध घालायचा नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला तो धोक्याचा. खरं तर सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काहीच नको, गुटीही नको.

मावशी अडल्या त्या एकाच गोष्टीवर. नात असल्यामुळे तिची छाती पिळून ‘दूध’ काढायलाच हवं, असा त्यांचा आग्रह. काही नवजात बाळांची छाती आईच्या संप्रेरकांमुळे थोडी फुगते, थेंबभर दूध येतं आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. मुलगी असो वा मुलगा, पिळलं तर गळू होतं. चिरा देऊन पू काढावा लागलेली बाळं मी नोकरीत पाहिली आहेत. हे शांतपणे सांगितल्यावर त्यांनी ऐकलं.

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांचा त्यांचा आग्रह मला पटला. ‘पाणी कमी पी’ हे नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान लागते, तिने पोटभर पाणी प्यावं.

सेवा चालवणाऱ्यांना माझं सांगणं एकच : मावशींना शिकवा. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांनाच नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथले नवजात बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले, १९९९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. मालिशवाली रोज घरात येते, बाळ उघडं पाहते. दूध ओढत नाही, अंग गार लागतंय, नाळेतून पू येतोय, हे डॉक्टरांआधी तिलाच दिसणार.

पैसे महिन्याचे आगाऊ घेतात, वेळ पाळतात. रोज त्याच मावशी येतील, हे मात्र आधी पक्कं करून घ्या.